चहाच्या गाडीवरचा पत्र्याचा पेला

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, मठात स्वामींच्या पुढं बसलो तेव्हाही नाही. आमच्या चहाच्या गाडीला मागल्या बाजूनं तारेनं एक पत्र्याचा पेला टांगलेला असायचा. तो कंपनीच्या हुकमानं टांगलाय, असं बिदर आणि गुलबर्गा या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं समजत होती. ज्याच्यासाठी टांगला होता तो आमचा हलगीवालाही तसंच समजत होता. तसा हुकूम नव्हता. कंपनीचा छापील हुकूम नेमका उलटा होता, आणि तो वाचता येणारा गाडीवर मी एकटाच होतो.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवून अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. आता पुढचं जमेल.

आधी अभिमानाचं सांगतो, कारण तोही खोटा नाही. आमच्या भागात चहा मी आणला. मी म्हणजे कंपनीनं, हे कळतं मला. पण कंपनी होती कुठं? तिचे मळे आसामात आणि सिलोनात, मोठी कचेरी लंडनला, तिच्या हाताखाली कलकत्ता, कलकत्त्याच्या हाताखाली सिकंदराबाद, आणि सिकंदराबादच्या हाताखाली गुलबर्गा स्टेशनाजवळच्या एका किराणा दुकानामागची पत्र्याची खोली. त्या खोलीच्या हाताखाली मी. आणि माझ्या पुढं मुडबीपासून चिंताकीपर्यंत पसरलेला सगळा मुलूख, जिथं सकाळी उठून माणूस अंबील नाहीतर ताक प्यायचा, पाहुणा आला की त्याच्यापुढं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा. चहा माहीत होता तो तापावरचं औषध म्हणून. नाहीतर स्टेशनावर साहेबलोक पितात ते काहीतरी, म्हणून.

मला कामावर घेतलं ते हैदराबादच्या एका इन्स्पेक्टर साहेबांनी. शेरवानी, लाल तुर्की टोपी, तोंडात कायम पान. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. मी बावीस वर्षांचा. वडिलांचं मुडबीजवळ तेलमिठाचं दुकान होतं, त्यात तीन भावांचं भागत नव्हतं.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "जबानें कित्ते आते?"

मी म्हणालो, "घरात कन्नड, बाजारात मराठी, शाळेत उर्दू."

"और तेलुगू?"

"चिंताकीच्या पुढं गेलं की समजायला लागते."

साहेब हसले. पानाची पिचकारी खिडकीबाहेर टाकून म्हणाले, "हौ मियाँ, तुम आदमी नहीं, चौरस्ता हो." आणि मला नोकरी लागली.

गाडीवर सामान दिलं ते असं: तोटी बसवलेलं एक मोठं पितळी भांडं, शेगडी, चहाची पेटी, दूध न मिळणाऱ्या गावासाठी घट्ट दुधाचे डबे, कडब्यात बांधलेल्या कानाच्या बारा कपबश्या, आणि उर्दूत छापलेला एक हिदायतनामा, म्हणजे सूचनांचा कागद. त्यात बारा कलमं. पाणी कसं उकळायचं, पत्ती किती, झाकण किती वेळ. सहावं कलम पुढं येईल.

पहिल्या तीन गावांत माझी फजिती झाली. साहेबांनी जाहिरातीचे रंगीत इश्तिहार दिले होते, उर्दूत. गावात शिरलो की चावडीच्या भिंतीवर तो चिकटवायचा, असा माझा बेत. पहिल्या गावात इश्तिहार चिकटवून मागं वळून बघतो तर गल्लीत माणूस नाही. दारं बंद. पोरं म्हशी हाकत शेताकडं पळायली होती. आमच्याकडं उर्दूतला छापील कागद म्हणजे कचेरीचा, आणि कचेरीचा कागद म्हणजे जप्ती. एक म्हातारी तेवढी ओट्यावर बसून राहिली, तिला पळता येत नव्हतं म्हणून.

"काय न्यायला आलाव, बाबा?" ती म्हणाली.

"न्यायला न्हाई आज्जी, द्यायला आलाव. फुकट."

"सरकार कवापासून द्यायलंय?" असं म्हणून तिनं हातातली कोंबडी पदराखाली झाकली.

चौथ्या ठिकाणी, चिंताकीच्या बाजारात, मला तो भेटला. तिथल्याच जवळच्या वाडीतला, मांगवाड्यातला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, उंच, पाठीत जरा वाकलेला. बैलबाजाराची दवंडी देऊन तो कडब्याच्या आगटीवर हलगी शेकत बसला होता. मी भिंतीला खळ लावत होतो. जरा वेळ बघून म्हणाला, "कागद कामून चिकटवायलाव, अण्णा? कागद बघून माणसं पळतेत. हलगी ऐकून येतेत."

तेव्हापासून तो माझ्या गाडीवर. वयानं धाकट्या मला तो अण्णा म्हणायचा, आणि मी त्याला नुसत्या नावानं अरे-तुरे करायचो. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

त्यानं जी रीत बसवली ती पुढं कंपनीच्या बाकी गाड्यांनी उचलली, हे मला सांगितलंच पाहिजे. गावाच्या वेशीपासून तो हलगी वाजवत यायचा, सावकाश, बैल चालतात त्या चालीनं. चावडीपुढं थांबायचा. माणसं जमली की पहिला कप मी त्याला द्यायचो. हलगी काखेत धरून तो उभ्यानं चहा प्यायचा, डोळे मिटून, घोट घोट. गर्दी बघत राहायची. शेवटचा घोट घेतला की कप माझ्या हातात द्यायचा, क्षणभर तसाच उभा राहायचा, आणि मग जी हलगी कडाडायची! चहा पोटात जाऊन बोटांतनं बाहेर पडायलाय असं वाटायचं. म्हातारी माणसंसुद्धा मान डोलवायची. मग कुणीतरी म्हणायचं, "आण बगू इकडं, काय हाय ते." तिथनं पुढं माझं काम.

लंडनच्या कुठल्या शहाण्याला हे सुचलं नसतं. मी आजही छाती काढून सांगतो, आमच्या मुलखात चहा विकला तो पत्तीच्या वासानं नाही, त्याच्या हलगीनं.

गमती तर किती! औरादच्या बाजूला एका गावात आम्ही फुकटच्या पुड्या वाटून गेलो. आठ दिवसांनी परत आलो तर एक बाई कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी.

"तुमची भाजी लई कडू, बाबा. लसणाची फोडणी दिली, शेंगदाण्याचा कूट घातला, तरी पोरं तोंड वाकडं करायलेत."

तिनं पत्ती उकडून पाणी ओतून दिलं होतं आणि पाला शिजवला होता. हलगीवाला गंभीर तोंड करून म्हणाला, "मावशी, आता असं कर. पाणी आमाला दे, पाला म्हशीला घाल."

"म्हशीला? दूध कडू व्हईल की!"

"व्हईना का. मग चहात दूध येगळं घालायला नगं."

ती बाई एवढी हसली की तिनंच सगळ्या आळीला बोलावून आणलं. पुढं त्या गावात सगळ्यांत जास्त पुड्या तिच्या आळीत खपायच्या.

साखर तेव्हा गावात कुणाच्या घरात नसायची, गूळ असायचा. गुळानं दूध फाटतं. हिदायतनाम्यात साखरच लिहिलेली. तीन-चारदा भरल्या चावडीपुढं भांडंभर चहा नासला, तेव्हा मी घरी बसून करून करून बघितलं. गूळ घालून पत्ती उकळायची, भांडं खाली उतरवायचं, वाफ जरा बसू द्यायची, आणि मग वेगळं तापवलेलं दूध वरून घालायचं. फाटत नाही. सोबत चिमूटभर सुंठ. मी सिकंदराबादला उर्दूत चार पानांचं पत्र लिहिलं, की तुमचं साखरेचं कलम आमच्याकडं चालत नाही. मला वाटलं नोकरी गेली. दोन महिन्यांनी नवीन पत्रकं आली, मराठी आणि कन्नड दोन्हींत, त्यात गुळाचा चहा! मराठी मजकूर माझ्याच पत्रावरनं केलेला. ते पत्रक मी वडिलांना वाचून दाखवलं. ते कधी कौतुक करायचे नाहीत. त्यांनी ते घडी घालून दिव्याच्या कोनाड्यात, वचनांच्या पोथीशेजारी ठेवलं.

हे मुद्दाम लिहिलं. कंपनी माझं ऐकत होती. मी एक पत्र टाकलं असतं तर पुढचंही तिनं ऐकलं असतं, काहीतरी वाट काढली असती. पत्र टाकलं नाही ते मीच.

कल्याणीच्या वाटेवरच्या एका गावात ते झालं. गावाचं नाव घेत नाही, गाव दुसऱ्या गावांपेक्षा वाईट नव्हतं. चावडीपुढं चांगली गर्दी जमली होती. हलगीवाल्यानं कप संपवून माझ्या हातात दिला, मी तो कढत पाण्यानं विसळला आणि दुसरा चहा ओतून गावच्या पाटलांच्या पुढं धरला. पाटील खाटेवर बसले होते. त्यांनी हात पुढं केला नाही.

"चहा चांगला असंल," ते म्हणाले. "पर त्येनं पिल्याल्या कपात आमी प्यायचं व्हय?"

"कढत पाण्यानं धुतलाय, मालक."

"धुतला की कप साफ व्हतो. आमचं काय धुणार तू?"

मागनं कुणीतरी हसलं. दोन-चार माणसं उठून चालायला लागली. त्या आठवड्यात साहेब हिशेब बघायला येणार होते, हा टापू चालवायचा की बंद करायचा ते ठरवायला. माझं लग्न ठरलं होतं. ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलीत की ती आता झिजून गुळगुळीत झालीत.

मी गाडीवरनं हिदायतनामा काढला. सहावं कलम मला पाठ होतं. त्याचा अर्थ असा की, मजहब आणि जात यांचा विचार न करता प्रत्येक माणसाला कंपनीच्याच कपात, एकसारख्याच रीतीनं चहा द्यावा. धर्मबुद्धीनं लिहिलं होतं असं नाही. प्रत्येक माणूस हे गिऱ्हाईक आहे म्हणून लिहिलं होतं. तरी लिहिलं होतं. मी तो कागद सगळ्यांना दिसेल असा धरला, त्या कलमावर बोट ठेवलं, आणि मराठीत मोठ्यानं म्हणालो:

"चूक माझी झाली, मालक. कंपनीचा हुकूम हायच की. हलगीवाल्याचा पेला येगळा ठेवायचा. मीच इसरलो."

लिंगायत मी, गळ्यात लिंग होतं माझ्या. ज्या घरात रोज सकाळी माणूस म्हणून माणसात भेद नाही असं म्हटलं जातं, त्या घरात मी वाढलो होतो. आणि वाटेनं जाताना मी आणि तो त्याच बारा कपांतल्या हाताला लागेल त्या कपात चहा पीत आलो होतो.

उठलेली माणसं परत बसली. मी घट्ट दुधाचा एक रिकामा डबा घेतला, कडा ठोकून काढली, खिळ्यानं भोक पाडलं, तार ओवली. झाला पेला.

त्याच्याकडं बघायचं मी टाळत होतो. तोच जवळ आला. कागदाकडं बघत, हळू आवाजात म्हणाला, "लंडनवाल्यांनी ह्येच्यात माझंबी लिव्हलंय व्हय, अण्णा?"

मी म्हणालो, "नाव न्हाई. हलगीवाला म्हणून हाय."

"असू दे," तो म्हणाला. "एवढ्या लांबनं ध्यान ठिवलं म्हणायचं."

त्याला अभिमान वाटला होता. त्यानंतर गावोगाव तो लोकांना सांगायचा, माझं कंपनीच्या कागदात हाय. मी शेजारी उभा राहून पत्ती मोजायचो.

एकदा, पेला टांगल्यावर पहिल्याच महिन्यात, कडगंचीकडं जाताना एका बाभळीखाली गाडी सोडली होती. दूरपर्यंत माणूस नव्हतं. मी चहा केला आणि दोन कप भरले. म्हणालो, "इथं कोण बगायलंय? घे कपात."

त्यानं उठून गाडीमागचा पेला सोडून आणला. "हुकूम काय वाटंत बदलतो व्हय?" तो हसून म्हणाला. "तुमची नौकरी जाईल की, अण्णा."

माझी नोकरी त्यानं अशी सांभाळली.

आणि कंपनी वाढली. काय वाढली! एकाच्या तीन बैलगाड्या झाल्या, मग गुलबर्ग्याची ती पत्र्याची खोली जाऊन मोठी वखार झाली. पैशाला मिळणारी छोटी पुडी निघाली आणि ती शेतमजुराच्या मुंडाशात दिसायला लागली. दुकानांच्या दारांवर निळ्यापिवळ्या पत्र्याच्या पाट्या लागल्या, चार भाषांत. त्यांतला मराठी मजकूर माझा आहे. चहाच्या पेटीत आतनं चांदीसारखा कागद असतो, तो एका गावानं जत्रेच्या रथाला लावला आणि मला बोलावून दाखवला. बायका रिकाम्या डब्यांत हळदकुंकू ठेवायला लागल्या. पाहुण्यापुढं गूळपाण्याच्या जागी कपबशी यायला लागली, आणि चहा विचारला नाही म्हणून सोयरीक मोडायची भाषा ऐकली तेव्हा मी एकटाच हसत सुटलो. लढाईत माल कमी यायचा, तरी माणसं चहा सोडायला तयार नव्हती. तेव्हा मला कळलं, आपण काय करून ठेवलंय ते.

आळंदला, कल्याणीला, बिदरच्या वेशीबाहेर चहाची हॉटेलं निघाली. बहुतेक मालक आधी माझ्याकडं यायचे, पत्ती किती, दूध किती विचारायला. आणि जाता जाता गाडीमागं बोट दाखवून विचारायचे, "त्यो पेलाबी ठिवावा लागतो न्हवं? कंपनीचा कायदाच हाय म्हणं."

मी म्हणायचो, "व्हय."

एकदा खोटं बोललं की ते आपल्या पायानं चालायला लागतं. एकेका हॉटेलाच्या बाहेर, दारालगतच्या खुंटीला, तसलाच डबा लटकायला लागला. आमच्या मुलखात चहा नवा होता. भाकरीला, पाण्याला, विहिरीला जुने नियम होते, चहाला अजून कुठलाच नियम लागला नव्हता. तो मी लावला.

पेल्याला सात वर्षं झाली असतील. एरवी गुलबर्ग्यातच हिशेब बघून परत जाणारे साहेब कडगंचीच्या बाजारात मोटारीतनं आले, आगाऊ कळवल्याशिवाय. आता ते म्हातारे झाले होते, तोंडात पान तेच. गाडीभोवती फिरले, भांडं बघितलं, खूश झाले. मग मागं गेले आणि तारेला हात लावला.

"ये डब्बा काय कू लटकाए, मियाँ?"

"माप का है, साब." मी म्हणालो.

"माप का? चम्मच दिए ना कंपनी." त्यांनी पेला नाकाशी नेला. "इसमें तो चाय की बू आरई. किसी कू इसमें पिलाते क्या तुम? कलम छे भूल गए? सब कू एकइच प्याली. लंडन का हुकुम है वो, मेरा नहीं."

साहेबांना पुढं आळंदला जायचं होतं. "निकाल दो उसे," एवढं म्हणून ते मोटारीत बसले.

दहा पावलांवर हलगीवाला कडब्याची आगटी करून हलगी शेकत होता. आमच्याकडं दख्खनी उर्दू कुणाला समजत नाही? त्याच्या हाताखालचा कडबा विझला तरी तो हलगी तशीच धरून बसला होता. मग त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. उठला आणि वाजवायला लागला.

गर्दी जमली. मी पेला सोडून आणला, तोटीखाली धरला, तोटी अजून सोडायची होती. का कप घेतला नाही, विचारू नका. भोवती तीन गावांचे पाटील उभे होते. त्यानं माझ्या हातातनं रिकामा पेला काढून घेतला आणि त्याच्यावर तळवा ठेवला. "नगं, साहेब. पोट धरलंय."

साहेब. अण्णा गेलं ते गेलंच.

मग त्यानं तो रिकामा पेला ओठाला लावला, डोळे मिटले, घोट घोट, पूर्वीसारखाच. पेला खाली ठेवला आणि हलगी अशी कडाडली की त्या दिवशी आमची सगळी पत्ती संपली. पेल्यात थेंब नव्हता हे त्याला आणि मला, दोघांनाच माहीत.

पुढं दोन वर्षं असंच. साहेबांनी काढायला सांगितलेला पेला मी काढला नाही, आणि त्यानं त्यात कधी चहा घेतला नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "मग कामून येतोस तू माझ्यासंगं?"

तो म्हणाला, "चहा तुमचा हाय. हलगी माझी हाय. ती वाजवायला येतो."

लढाई संपल्यावर कंपनीनं कर्ण्याची मोटार आणली. तिला हलगीवाला लागत नव्हता. बैलगाड्या बंद झाल्या आणि मी गुलबर्ग्याच्या वखारीचा मुख्य झालो. अंगात कोट, डोक्यावर टोपी, टेबलावर घंटी. चहाबरोबर आता बिस्किटं आली, कोको आला, दुधाची भुकटी आली. वखारीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सगळ्या तालुक्यांतले व्यापारी, पाटील, हॉटेलवाले बोलावले. आणि मी गडी पाठवून त्याला बोलावलं. मनाशी ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर त्याला कानाच्या कपात चहा द्यायचा.

तो आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर हलगी. मी स्वतःच्या हातानं चहा केला, गुळाचा, सुंठ घालून. नव्या कपात ओतला, बशीत ठेवला, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढं धरला.

त्यानं कपावर तळवा ठेवला. माझ्या मागं भिंतीवर बोट केलं. तो जुना हिदायतनामा मी काच लावून, चौकटीत बसवून तिथं टांगला होता. कंपनीतल्या माझ्या पहिल्या दिवसाची आठवण म्हणून. केवढी ऐट!

"आदी त्यो कागद वाचा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मराठीत वाचा. समद्यांना कळू द्या. मग पितो."

कप टेबलावर ठेवून मी चौकटीकडं वळलो आणि वाचायला लागलो. पहिलं कलम, पाणी ताजं असावं. दुसरं, भांडं आधी गरम करावं. तिसरं, चौथं. पाचवं, झाकण ठेवून थांबावं. तिथं मीही थांबलो. मागं ज्यांच्या दारांना डबे लटकत होते ते हॉटेलवाले बसले होते. ज्या पाटलांपुढं मी या कागदावर बोट ठेवलं होतं ते पहिल्या रांगेत होते. सहावं वाचलं असतं तर मी कोण ते एका ओळीत सगळ्यांना कळलं असतं.

"बाकी पुढं पत्तीचंच हाय," मी म्हणालो. "आता हलगी होऊ द्या."

टाळ्या पडल्या. त्यानं एक क्षण वाट बघितली. मग हलगी काखेत घेतली आणि वाजवली. तशी हलगी मी त्याच्या आधी ऐकली नव्हती, पुन्हा ऐकायला मिळाली नाही. पाटील उठून उभे राहिले, दोन व्यापाऱ्यांनी फेटे उडवले. त्याच्याकडं बघून माझा ऊर भरून आला, आणि हेही खरं, की ऊर भरून यायचा मला काही अधिकार नव्हता. वाजवणं संपलं, त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि पायऱ्या उतरून गेला. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

निजामाविरुद्धच्या धामधुमीच्या वर्षी आमच्या भागातली बरीच कुटुंबं सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला गेली. त्याचंही गेलं, आणि निजामी संपल्यावरही ते परत आलं नाही. पोरं गिरणीत लागली असं ऐकलं. दोन वर्षांमागं कंपनीच्याच कामानं सोलापूरला गेलो होतो, तेव्हा चौकशी करत त्याच्या चाळीच्या तोंडापर्यंत पोचलो. तो जिवंत आहे. तिसऱ्या खोलीत राहतो, लग्नात अजून वाजवतो, असं समोरच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं. त्या हॉटेलात आमच्याच कंपनीची निळीपिवळी पाटी होती, मराठी मजकूर माझा. मी तिथं बसून एक चहा प्यायलो आणि स्टेशनावर परत आलो.

कंपनीनं मला गेल्या वर्षी नोकरीची पंचवीस वर्षं भरायच्या आधीच चांदीची तबकडी दिली. ती मी अभिमानानं घेतली, घरी दर्शनी भागात लावली आहे. आमच्या मुलखातल्या चुलीवर सकाळी जो पहिला वास येतो तो आमच्या कामाचा आहे, माझ्या आणि त्याच्या. आणि शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला तरी हॉटेलांबाहेर तो डबा अजून कुठंकुठं लटकतो, तोही आमच्या गाडीवरनं गेलेला आहे. तो एकट्या माझा.

हिदायतनाम्याची चौकट वखारीच्या भिंतीवरनं काढून आणली आहे. समोर टेबलावर आहे. मी त्याला जे देणं लागतो ते असं: चार माणसांत उभं राहून सहावं कलम मोठ्यानं वाचायचं, खोटा हुकूम माझा होता असं सांगायचं, आणि मग एक कप चहा करून त्याच्या हातात द्यायचा. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.